दुसऱ्याच्या हातचं औषध

नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मी फुप्फुसाच्या कॅन्सरला खाऊ घालण्यात घालवली. एक दिवसाआड त्याला ताजं जेवण लागायचं, सतत ऊब लागायची, आणि जरा हयगय झाली की तो बाटलीच्या तळाशी मरून पडायचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या हातचा चहा घ्यावा की घेऊ नये, या विचारात पडतात. घ्यावा. हात धुण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

यवतमाळच्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. संपादकांनी कामातले गमतीशीर अनुभव मागितले आहेत. गमती फारशा नाहीत, आणि ज्या आहेत त्यांच्या शेवटी माणूस मेलेला आहे. तरी लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत. का बदलली, ते शेवटी कळेल.

आधी काम समजून घ्या. आमच्या सरांना एक प्रकल्प मिळाला होता. आपल्या जंगलातल्या वनस्पतींमध्ये अशी काही द्रव्यं आहेत का, जी शरीराच्या प्रतिकारशक्तीला फुप्फुसाच्या कॅन्सरविरुद्ध उभं करतील, एवढं त्यात शोधायचं होतं. त्यासाठी कॅन्सरच्या जिवंत पेशी लागतात. त्या एका मोठ्या संस्थेच्या पेशीसंग्रहातून आल्या. मूळच्या कुठल्याशा परदेशी माणसाच्या गाठीतल्या. तो माणूस कधीच गेला. त्याला मारणारी गाठ मात्र बाटल्याबाटल्यांतून जगभर जगते आहे, आणि तिला गुलाबी रंगाचं पोषक पाणी पाजणाऱ्या माझ्यासारख्या बाया गावोगाव आहेत. 

आता प्रतिकारशक्ती. आमच्याकडे तुरीत-हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून शेतात माळा बांधून माणूस जागलीला बसतो. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे असे जागले. परका दिसला की आरडाओरडा करायचा आणि हाकलायचा, हे त्यांचं काम. कॅन्सर लबाड असतो. तो घरच्याच पेशींतून उपजलेला, त्यामुळे ‘मी आपल्यातलाच’ असं भासवून तो जागल्याला झोपवतो आणि मग निवांत पीक खातो. वनस्पतींमधली काही द्रव्यं कॅन्सरला सरळ मारतात. काही त्याला हात लावत नाहीत, पण झोपलेल्या जागल्याला हलवून उठवतात. आम्हाला ही दुसऱ्या जातीची हवी होती.

माझं काम असं. पानं किंवा साल सावलीत वाळवायची, भुकटी करायची, काचेच्या यंत्रात मिथेनॉलमध्ये उकळत ठेवायची, मिथेनॉल उडवून लावायचं. खाली गुळाच्या काकवीसारखा काळा चिकटा उरतो, तो अर्क. मग एका ताटलीत कॅन्सरच्या पेशी, त्यावर कुणातरी रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी, त्यावर अर्काचा कण. आणि मग बघत बसायचं. बहुतेक वेळा काहीही होत नाही. नोकरीभर मी मुख्यतः काहीही न होणं बघितलं आहे, आणि ते नीट लिहून ठेवलं आहे.

आमच्याकडे झाडपाला आणून देणारा माणूस होता मारोती टेकाम. झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, राहणारा. त्याचा बाप वैदू होता. मारोती स्वतः कुणाला औषध देत नसे, पण झाडं सगळी त्याच्या ओळखीची. उंच, वाळका, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. बोलण्यापेक्षा बिडी जास्त ओढायचा.

त्याचं एक विचित्र होतं. बोचकं घेऊन यायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा आणि गप्प उभा. आम्हाला तर प्रत्येक नमुन्यावर स्थानिक नाव लिहायचं असतं. मी विचारायची, ‘‘दादा, काय आहे हे?’’ तो मान हलवायचा. मग वळून प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर जायचा आणि बाहेरून नाव सांगायचा. पाणी विचारलं तर त्याआधी पाणीसुद्धा घ्यायचा नाही.

एकदा मी चिडले. चिडायला मला फार लागत नाही. माझे आजोबा धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीतले, आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, ‘काहून’ म्हणजे ‘का’ असं विचारल्याशिवाय कुठलीच गोष्ट मानायची नाही, अशी शिस्त. मी म्हटलं, ‘‘आत उभं राहून सांगितलं तर जीभ झडते का तुमची?’’

तो हसला. म्हणाला, ‘‘आमच्या घरची रीत हाय बाई. औषध हातात असतानी त्याचं नाव घेत नसते. बिमाराले त कधीच सांगत नसते. आणनाऱ्यानं पोचवल्याबिगर पानी पेत नसते, चहा पेत नसते.’’

‘‘आणि मजुरी घेता ती?’’

‘‘थे चालन्याची. औषधाची नाई.’’

मग त्यानं उरलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आपल्या हातचं औषध आपल्याला लागू पडत नाही. त्याचा बाप आजारी पडला तेव्हा पलीकडच्या पोडावरून दुसरा माणूस बोलवावा लागला होता. घरात औषधांच्या मुळ्या टांगलेल्या, पण त्या बापानं स्वतः खणलेल्या, म्हणून कुणी त्यांना हात लावला नाही. दुसरी गोष्ट, बिमार बरा झाला की ज्यानं औषध आणलं त्यानं झाडाजवळ जायचं, चिमूटभर तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, बरा झाला.

‘‘आणि नाही झाला तर?’’

‘‘त थेबी सांगाच लागते. सांगतल्याबिगर त्या घरचं पानी पेत नसते. झाडानं देल्लं ना बाई. त्याले कळाले नको?’’

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तेव्हा मला त्याची काही गरज वाटली नाही.

त्यानं आणलेल्या एका सालीनं मात्र आमच्या ताटलीत काहीतरी झालं. अर्काचा कण पडला आणि पांढऱ्या पेशी कॅन्सरच्या पेशींभोवती गोळा झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा झालं. सर एरवी माझ्याशी हिशेबानं बोलतात. त्या दिवशी ते माझ्यासाठी स्वतः समोसे घेऊन आले.

तिथवर ठीक होतं. मग कुणीतरी वार्ताहराला बोलावलं, आणि सरांनी भरात झाडाचं नाव सांगून टाकलं. बातमी आली, ‘जिल्ह्याच्या जंगलात कॅन्सरचं औषध’. बातमीत ताटली नव्हती. पांढऱ्या पेशी नव्हत्या. झाड आणि कॅन्सर एवढंच होतं.

त्या बातमीनंतर जे लोक आले, ते मला आजही आठवतात. दारव्ह्याहून एक गृहस्थ आले होते, सोयाबीनच्या व्यापारातले. बायकोचा एक्स-रे घेऊन. तो त्यांनी माझ्या खिडकीच्या काचेला लावून धरला आणि म्हणाले, ‘‘हे पाहा बाई, इथं आहे. तुमच्याजवळ आहे त्यातलं चमचाभर द्या.’’ मी समजावलं. हे मिथेनॉलमध्ये काढलंय, विष आहे. हे फक्त ताटलीत चाललंय. ताटलीत तर फरशी धुवायच्या ब्लीचनंही कॅन्सर मरतो, म्हणून कुणी ब्लीच पितं का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक्स-रे गुंडाळला. ‘‘असून देऊन नाई राह्यले तुम्ही,’’ एवढंच म्हणाले आणि गेले. मी बरोबर होते. त्याचा त्या माणसाला काही उपयोग नव्हता.

ज्यांना अर्क मिळाला नाही, ते झाडाकडे गेले. रस्त्यालगतच्या झाडांची साल लोकांनी कोयत्यानं गोल सोलून नेली. चारही बाजूंनी साल गेली की झाड उभ्याउभ्या वाळतं. मारोती उगवतीच्या बाजूनं एक चिंचोळी पट्टी काढायचा आणि दोन पावसाळे त्या झाडाकडे फिरकायचा नाही. तो एकदा आला तो रिकाम्या हातानं. आत आला नाही. उंबरठ्याबाहेरूनच म्हणाला, ‘‘नाव घेतलं, झाड गेलं. आता मी नाई आनत बाई.’’ म्हणून मीही ते नाव इथं लिहीत नाही. विचारायला येऊ नका.

पुढं बरेच दिवस तो दिसला नाही. दिसला तेव्हा मी त्याला ओळखलं ते टॉवेलवरून. अंगावर मांस नव्हतं. खोकला होता म्हणून आधी क्षयाची औषधं चालली. खोकला राहिला. रक्त पडायला लागलं. मग नागपूरला पाठवलं, तिथं छातीतून तुकडा काढून तपासला आणि कागद हातात दिला. तो कागद घेऊन तो घरी न जाता माझ्याकडे आला होता. बायको जंगूबाई त्याच्याबरोबर होती. ठेंगणी, ठाम चेहऱ्याची बाई. ती माझ्याकडे बघत भिंतीला टेकून उभी राहिली.

मी कागद वाचला. माझ्या बाटल्यांवर ज्या जातीचं नाव लिहिलेलं असतं, तीच जात. 

मारोती म्हणाला, ‘‘तुमच्या इथं हाय म्हंते तो. पाहू द्या मले.’’

मी एक बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, त्याला वाकायला सांगितलं. तो कितीतरी वेळ बघत होता. खोकला आला की बाजूला व्हायचा, मग पुन्हा डोळा लावायचा.

‘‘हाच?’’

‘‘हाच नाही. ह्याच जातीचा.’’

‘‘साजरा दिसते बाई. फरशी बसवल्यावानी.’’ मग विचारलं, ‘‘खाले काय देता?’’

मी सांगितलं. साखर, क्षार, वासराच्या रक्तातला द्रव. 

‘‘माह्यापेक्षा चांगलं खाऊन राह्यला,’’ तो म्हणाला. जंगूबाई हसली नाही. मीही हसले नाही. एका मेलेल्या माणसाचा रोग मी इतकी वर्षं इतक्या निगुतीनं सांभाळला, याची त्या दिवशी मला पहिल्यांदा शिसारी आली.

मग तो मुद्द्यावर आला. त्याला आमचा अर्क हवा होता. नागपूरला जायचं नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. साल त्यानं आणली खरी, पण ती मी वाळवली, मी कुटली, मी उकळली. आता ती त्याच्या हातची राहिली नाही, माझ्या हातची झाली. म्हणजे ती त्याला लागू पडेल.

‘‘दादा, ते पिऊन आधी डोळे जातील, मग जीव जाईल.’’

‘‘मंग जागल्या कोन उठवन माह्या?’’

जागल्याची गोष्ट मीच त्याला कधीतरी सांगितली होती.

मी त्याला खरं ते सांगितलं. जागल्याला उठवणारी नवी इंजेक्शनं आली आहेत, पण नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या बघून लिहिलं होतं की याच्या गाठीवर त्यांचा उपयोग होईलसा दिसत नाही. शरीर इतकं खंगलेलं की सलाइनमधून द्यायची जोरदार औषधंही झेपणार नाहीत. म्हणून त्यांनी एक कॅप्सूल सुचवली होती, आठवड्यातून एकदा घ्यायची. ती जागल्याला उठवत नाही, ती सरळ कॅन्सरला मारते. पूर्ण बरं करणार नाही. काही महिने देईल.

‘‘दवाखान्यातलं मले नाई लागत,’’ तो म्हणाला, ‘‘क्षयाचं खाऊन पायलं ना.’’ आणि उठायला लागला.

मी कागदावरचं कॅप्सूलचं नाव पुन्हा वाचलं. ते मला माहीत होतं, आमच्या कपाटात त्या द्रव्याची छोटी बाटली तुलनेसाठी ठेवलेली असायची. ते वनस्पतीतून येतं. सदाफुलीतून. हो, तीच सदाफुली, जी तुमच्याही दारात असेल. तिच्या पानांतलं द्रव्य काढून, कारखान्यात त्यात फेरफार करून ते औषध तयार होतं.

इथं थांबून सांगते, कारण दिवाळी अंक घरोघर जातात. सदाफुलीची पानं खाऊ नका, रस पिऊ नका. पानात ते द्रव्य किती आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि जास्त झालं की पांढऱ्या पेशी कोसळतात. मग साधा ताप माणसाला घेऊन जातो. 

तर मी मारोतीला म्हणाले, ‘‘दादा, बसा. ही कॅप्सूल झाडाचीच आहे. तुम्ही कधी तोडलं नाही अशा ठिकाणचं झाड. दुसऱ्याच कुणी तोडलं. मी आणून देईन. म्हणजे हात माझा.’’

तो बसला. ‘‘कोनतं झाड?’’

‘‘बिमाराला नाव सांगत नसतात ना?’’

त्याच्या त्या हाडांच्या सापळ्यातून हसू फुटलं, त्यापाठोपाठ खोकला. ‘‘बाई, तुम्ही पक्क्या झाल्या,’’ तो म्हणाला. जंगूबाईनं त्याला विचारलं काहीतरी, कोलामीत. त्यानं उत्तर दिलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान हलवून ‘बरं’ म्हणाली.

त्याच्या घरी फ्रिज नव्हता आणि कॅप्सूल थंड ठेवावी लागते. त्यामुळे रविवार माझ्या गळ्यात पडला. यवतमाळहून एसटीनं पांढरकवडा, पुढं जीप, मग पायवाट, मांडीवर थर्माकोलचा डबा. आधी त्याचं रक्त ग्रामीण रुग्णालयात तपासलेलं असायचं, त्याचा आकडा फोनवर कळला की मगच मी निघायची.

पहिल्या रविवारी पोडावर पोचले तेव्हा उन्हानं जीव चालला होता. जंगूबाईनं तांब्या पुढं केला. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. औषध अजून डब्यात होतं. मारोती खाटेवरून बघत होता. मी कॅप्सूल त्याच्या हातावर ठेवली, चावू नका म्हणून बजावलं, त्यानं ती अख्खी गिळली, मग मी उंबरठ्याबाहेर गेले आणि पाणी मागितलं. माझे आजोबा बघत असते तर काय म्हणाले असते, हा विचार मनात आला. पण औषध पोटात गेलं होतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

पाणी पिता पिता माझी नजर अंगणाच्या कडेला गेली. दारापासून कुडापर्यंत सदाफुली फुललेली होती, गुलाबी आणि पांढरी.

‘‘छान लावली आहे,’’ मी म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं.

‘‘त्यानंच लावली,’’ जंगूबाई म्हणाली. ‘‘दुसरं काई लावलं त बकऱ्या ठेवत नाई. इले तोंड लावत नाई.’’

मारोती आतून म्हणाला, ‘‘कडू हाय ना. मी रोज पानी टाकतो तिले.’’

मी पुन्हा कधी त्या झाडाकडे त्याच्यासमोर बघितलं नाही. एक तर नाव कळलं असतं तर त्यानं पानं खाल्ली असती, वैदूचाच मुलगा तो. आणि दुसरं, ते झाड त्याच्या हातचं होतं. त्याच्या हातचं त्याला लागू पडत नव्हतं. त्यानं कॅप्सूल थुंकून टाकली असती.

औषध लागू पडलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण शेवट वाईट झाला की लोक मधलं सगळं वायाच गेलं असं धरून चालतात. त्याचं रक्त पडणं थांबलं. दम कमी झाला. मोहफुलाच्या दिवसात तो जंगूबाईबरोबर झाडाखाली बसून फुलं वेचत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला त्यानं टोपलीतली चार फुलं दिली आणि बाहेर जाऊन नाव सांगू का म्हणून चिडवलं.

त्याच सुमारास आमचा प्रकल्प संपला. उंदरांना अर्क देऊन पाहिला, तो पोटातच विरघळून संपला, फुप्फुसापर्यंत पोचला नाही. ताटलीतले जागले उठले, अंगातले उठले नाहीत. असं होतंच, बहुतेक द्रव्यांचं असंच होतं. सरांनी पुढच्या विषयासाठी अर्ज केला आणि मला पेशी नष्ट करायला सांगितलं. मी सगळ्या बाटल्या एका रांगेत लावल्या आणि प्रत्येकीत ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उडाला, आणि जे इतकी वर्षं मरत नव्हतं ते चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात मेलं. मला वाटलं होतं बरं वाटेल. मी बाटल्या धुवत रडत होते. मारोतीच्या छातीत ओतता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

मी निवृत्त झाले तरी रविवार चालूच राहिले. पुढं त्याच्या रक्ताचा आकडा उतरायला लागला. पांढऱ्या पेशी कमी. ते औषध कॅन्सर आणि जागल्या यांत फार भेद करत नाही. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली, पेशी वर आल्या, पुन्हा दिली, पुन्हा उतरल्या. मी मारोतीशी कधी खोटं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही.

तो म्हणाला, ‘‘म्हंजे डुकरं हाकलाले वावरालेच आग लावली म्हना.’’

‘‘थोडंफार तसंच.’’

‘‘डुकरं गेले का पन?’’

‘‘गेले होते. परत येऊन राहिले.’’

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोपला. तेवढ्यात म्हणाला, ‘‘बाई, मी गेलो त झाडाले सांगसान ना? गोड करून नका सांगू. बिचाऱ्यानं केलं त्याच्यानं होईल थे. पन खरं सांगा.’’

मी हो म्हणाले. झाड त्याच्या खाटेपासून हाकेवर होतं.

तो थंडीत गेला. ताप आला आणि दवाखान्यात न्यायची गाडी येईपर्यंत संपलं. निरोप मला दुसऱ्या दिवशी मिळाला. मी गेले ते सगळं आटोपल्यावर. थर्माकोलचा डबा नव्हता तर हात कुठं ठेवावे ते जीपमध्ये कळेना.

जंगूबाई अंगणात बसली होती. डोळे कोरडे. मला बघून उठली, आत गेली आणि फडक्याच्या टोकाला बांधलेले तांदूळ घेऊन आली. माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘‘झाडाले सांगतलं का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘कोनतं झाड होतं बाई? आता त सांगा. आता बिमार नाई राह्यला.’’

मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते. तिचा हक्क होता, आणि रीतही आडवी येत नव्हती. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘माह्या मनात एकच खुटखुट हाय. ह्या जंगलातलं समदं झाड त्याच्या हाताखालून गेलं. थे झाड त्याच्याच हातचं त नव्हतं ना? तसं असन त मंग लागन कसं? मंग मीच त्याले गिळाले लावलं, दर ऐतवारी.’’

तिच्या मागे सदाफुली होती. पाणी कुणी घातलं नसावं, पानं थोडी मलूल झाली होती, फुलं मात्र होती.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘लांबचं आहे. पार पहाडातलं. त्यानं कधी पाहिलंसुद्धा नाही.’’

‘‘खरंच?’’

‘‘खरंच.’’

तिनं मोठा श्वास सोडला आणि खाली बसली. ‘‘मंग ठीक हाय. मंग आपून केलं थे बरोबर केलं,’’ असं म्हणाली आणि तेव्हा ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले. रडून झाल्यावर ती तोंड धुवायला घरामागं गेली.

मी उठून सदाफुलीपाशी गेले. फडक्याची गाठ सोडली आणि तांदूळ बुंध्याशी ठेवले. कोंबड्या लगेच धावल्या. माझ्या आजोबांनी माझ्या बाबांना आणि बाबांनी मला जे शिकवलं, त्यात झाडाशी बोलणं बसत नाही. मी वाकून म्हणाले, ‘‘मारोती गेला. तू काही महिने दिलेस. पुरले नाहीत.’’ त्यानं खरं सांगायला सांगितलं होतं.

जंगूबाई पदरानं तोंड पुसत आली. चूल पेटलेली होती, पण तिनं चहा ठेवला नव्हता. मी अजून झाडाला सांगितलेलं नाही, तोवर काही घेणार नाही, हे तिला ठाऊक होतं. 

‘‘पहाड लांब असन ना?’’ तिनं विचारलं. ‘‘सांगून झाल्यावर या एखादखेप. मंग चहा पिऊ.’’

सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि घसा सुकला होता. माझं सांगून झालं होतं. मी रिकामं फडकं मुठीत धरलं, हो म्हणाले, आणि पाणीही न घेता निघाले.